शॉवरला धार हवी, मग गिझर कुठला घ्यायचा? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या बाथरूम फिटिंगच्या दुकानात एकच घाई सुरू होते: पहिल्या आंघोळीच्या आत गिझर बसला पाहिजे. थोडं बोलल्यावर कळतं, की यातल्या बऱ्याच जणांचा जुना गिझर धडधाकट असतो. त्यांना हवी असते शॉवरची धार. काउंटरवर आणि फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं लिहिलेत. काही उत्तरांमुळे आमचीच विक्री तुटेल. चालतंय की.

मोठा, महागातला गिझर घेतला तर शॉवरचं प्रेशर वाढेल का?

नाही वाढणार. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना हे चटकन पटतं. वरच्या अंगाला तोटी असलेल्या बंबात नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते तळाशी जायचं आणि वरचं गरम पाणी तोटीतून बाहेर पडायचं. तांब्याभर ओतलं, तांब्याभर आलं. हळू ओतलं तर करंगळीएवढी धार, भसकन ओतलं तर भसकन.

साठवणीचा गिझर म्हणजे बंद झाकणाचा बंबच. गार पाणी खालून शिरतं आणि वरचं गरम पाणी ढकलून देतं. ओतायचं काम आता गच्चीवरची टाकी करते. टाकीचा जोरच कमी असेल तर गिझर पाच हजाराचा असो नाहीतर वीस हजाराचा, शॉवर तेवढाच गळणार. उलट गिझरचे व्हॉल्व्ह आणि जोडपाईप मधे आल्यामुळे गरम पाण्याची धार गारपेक्षा किंचित कमीच असते.

खोक्यावर '८ बार' लिहिलंय, म्हणजे प्रेशर जोरात येणार ना?

हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि तो पसरवण्यात माझाही हात आहे. एका कंपनीचा माणूस दुकानात येऊन 'हाय प्रेशर मॉडेल' म्हणून गिझर ठेवून गेला. मीही तसंच सांगून चार विकले आणि मग चारही घरी जाऊन बोलणी खाल्ली.

८ बार म्हणजे गिझरची टाकी किती दाब सोसू शकते तो आकडा. १० मीटर उंच पाण्याचा दाब साधारण १ बार होतो, म्हणजे ८ बार हा जवळजवळ ८० मीटर उंचीचा दाब. तो आकडा उंच इमारतींच्या खालच्या मजल्यांसाठी आणि जोरदार पंप लावलेल्या घरांसाठी महत्त्वाचा. तुमच्या एकमजली घरात शॉवरला ०.२ बार मिळत असेल तर ८ बारचा गिझर त्याचे ०.३ करत नाही.

मग प्रेशर येतं कुठून?

टाकीतल्या पाण्याची पातळी आणि शॉवरचं तोंड यांच्यातल्या उभ्या अंतरातून. एक मीटरला ०.१ बार, हा हिशेब पाठ करा. टाकी हजार लिटरची आहे का पाचशेची, याचा संबंध नाही.

आर. के. नगर किंवा पाचगावच्या बाजूला बांधतात तसं नेहमीचं घर घ्या. शॉवर जमिनीपासून सात फुटांवर, स्लॅब दहा फुटांवर, टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली. मधलं अंतर भरतं एक मीटर, टाकी भरलेली असेल तर जेमतेम दोन. म्हणजे ०.१ ते ०.२ बार. मोठ्या ताटलीएवढ्या रेन शॉवरला नीट चालायला अर्धा ते एक बार तरी लागतो. हॉटेलात बघून तो शॉवर घरी आणला की डोक्यावर थेंबथेंब गळतो, त्याचं कारण हे. त्याच घराला वर अजून एक मजला असेल तर तळमजल्याच्या बाथरूमला तीन मीटर जास्त मिळतात. म्हणूनच आजोबांच्या खालच्या बाथरूमला मस्त धार आणि वर नव्या सुनेच्या बाथरूमला नाही.

काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन २०२३ मध्ये शहरात आली तेव्हा काही जणांनी खुशीत विचारलं होतं, "आता शॉवरला प्रेशर येणार म्हणा की!" ते पाणी तुमच्या खालच्या टाकीत पडतं, तिथून मोटारीनं वर जातं. शॉवरचा मालक गच्चीवरची टाकीच.

टाकी उंच केली तर?

सगळ्यात स्वस्त आणि कायमचा उपाय. स्लॅबवरची टाकी दोन मीटरच्या स्टँडवर नेली तर वर सांगितलेल्या घरात दाब दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो, वीज लागत नाही, आवाज नाही. फक्त हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, हे विसरू नका. स्टँडचे पाय कॉलम किंवा बीमवर आले पाहिजेत, स्लॅबच्या मधोमध नाही. जुन्या घराला इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. स्टँड उद्यमनगरात करून मिळतो, पण करणाऱ्याला भरलेल्या टाकीचं वजन सांगा, रिकाम्या टाकीचं नाही.

माझ्या घरात नेमकी अडचण कुठं आहे, हे कसं ओळखायचं?

एक १० लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ. टाकी अर्धी भरलेली असताना शॉवरचं डोकं काढा आणि नुसत्या पाईपमधून आधी फक्त गार पाणी सोडून बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा. मग फक्त गरम. मग डोकं परत बसवून पुन्हा गार.

बादली ६० सेकंदांत भरली तर मिनिटाला १० लिटर, उत्तम. ७५ सेकंद लागले तर ८ लिटर, साध्या शॉवरला भरपूर. दोन मिनिटं लागली तर ५ लिटर, इथं तक्रार सुरू होते.

आता तीन आकडे शेजारी ठेवा. डोकं काढल्यावर धार चांगली आणि लावल्यावर मेली, तर दोष डोक्यात: त्याची भोकं क्षारानं बुजलीत किंवा तो तुमच्या दाबासाठी बनलेलाच नाही. गार जोरात आणि गरम बारीक, तर दोष गिझरच्या आसपास. दोन्ही बारीक, तर टाकीची उंची किंवा पाईप. एवढं करून दुकानात आलात तर आमचा अर्धा तास वाचतो आणि तुमचे काही हजार.

गार पाणी जोरात येतं, गरमच बारीक. गिझर बदलू?

थांबा जरा. आधी गिझरखालचे अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले छोटे नळ, पूर्ण उघडे आहेत का बघा. सर्व्हिसिंगला आलेला पोरगा अर्धे उघडून जातो, हे मी स्वतः कितीतरी घरी पाहिलंय. मग अँगल कॉकपासून गिझरपर्यंतचे जोडपाईप काढून आतून बघा. बाहेरून जाड दिसणाऱ्या वेणीच्या पाईपची आतली नळी कधीकधी पेन्सिलीएवढीच असते, आणि घट्ट वाकवली तर तीही दबते. गार पाण्याच्या तोंडाशी असलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये पाणी उलटं जाऊ नये म्हणून पडदा असतो. तिथं कचरा अडकला की धार अडते. हा व्हॉल्व्ह साफ करा किंवा बदला, पण काढून टाकू नका. "काढला की प्रेशर वाढतंय" असं सांगणारा प्लंबर भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. जास्तीचा दाब बाहेर सोडायला तोच एक दरवाजा असतो.

हे सगळं ठीक असेल तर मग भिंतीतल्या मिक्सरकडं (गार-गरम मिसळणारा नळ) किंवा डायव्हर्टरकडं (पाणी नळाला की शॉवरला, ते वळवणारी कळ) बघायचं. त्याचं कार्ट्रिज, म्हणजे आतला फिरता भाग, बदलता येतं, टाइल फोडावी लागत नाही.

पेठेतलं जुनं घर आहे, लोखंडी पाईप आहेत.

मंगळवार पेठ, शुक्रवार पेठेतल्या घरांत जुने जीआय पाईप आतून गंजून बोळ झालेले असतात. अर्ध्या इंचातून बोट जाईना अशी अवस्था. तिथं कुठलाही गिझर, कुठलाही शॉवर व्यर्थ. टाकीपासून बाथरूमपर्यंत सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची, नवी लाईन टाका. टाकीतून खाली येणारा मुख्य पाईप एक इंची किंवा निदान पाऊण इंची, आणि फक्त शेवटच्या चार-पाच फुटांत अर्धा इंची. तेवढंच पाणी पाऊण इंचीतून नेलं तर पाईपमधला दाबाचा तोटा अर्धा इंचीच्या पावपट किंवा त्याहूनही कमी होतो. एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, जितके कमी तितकं बरं.

तीन लिटरचा इन्स्टंट गिझर शॉवरला चालेल?

स्वयंपाकघरात भांडी घासायला चालेल. शॉवरला नाही. ३ किलोवॉटची कॉइल पाणी २० अंशांनी तापवत असेल तर मिनिटाला साधारण २ लिटरच तापवू शकते. ४.५ किलोवॉटची असली तरी ३ लिटरच्या थोडं वर. पहिला मिनिटभर आतलं साठलेलं गरम पाणी येतं, खूश होऊन डोक्याला साबण लावता, आणि मग कोमट. लोक काय करतात, नळ बारीक करतात म्हणजे पाणी तापतं. प्रेशर गेलं ते तिथं.

यातच सकाळचं व्होल्टेज धरा. २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तर कॉइलची ताकद जवळजवळ पाव कमी होते. साठवणीच्या गिझरला त्यानं दहा मिनिटं जास्त लागतील इतकंच, इन्स्टंटवाल्याची आंघोळच बिघडते.

१५ लिटर की २५?

आधी धार ठरवा, मग लिटर. हे उलटं केलं की पंप बसवल्यावर रडारड होते.

२५ लिटर पाणी ६० अंशांना तापवलं आणि टाकीतलं पाणी २० अंश असलं, तर मिसळून ४० अंशांचं कागदावर ५० लिटर होतं. प्रत्यक्षात ४० ते ४५ धरा, कारण खालून येणारं गार पाणी थोडं मिसळतंच. मिनिटाला ८ लिटरच्या शॉवरला हे पाच मिनिटं पुरतं. तुम्ही प्रेशर पंप लावून १५ लिटरची धार केलीत तर तीन मिनिटांत संपलं. १५ लिटरचा गिझर घेणाऱ्यानं शॉवर सुरू ठेवून साबण लावू नये.

पुन्हा तापायला किती वेळ? २ किलोवॉटच्या कॉइलला २५ लिटर २० वरून ६० वर न्यायला सुमारे ३५ मिनिटं आणि १.२ युनिटच्या आसपास वीज लागते. घरात चारजण आठच्या आत बाहेर पडणारे असतील तर ही पस्तीस मिनिटं भांडणाचं मूळ ठरतात. जागा असेल तर उभा गिझर घ्या. आडव्यात गार-गरम थर लवकर मिसळतात, त्याच लिटरमध्ये गरम पाणी कमी हाती लागतं. फॉल्स सीलिंगवर लपवायचाच असेल तर आडवा घ्या, पण एक माप मोठा.

गॅस गिझरला प्रेशर चांगलं मिळतं म्हणतात. खरं का?

मिनिटाला ६ लिटरचा गॅस गिझर पाणी २५ अंशांनी तापवत राहतो आणि संपत नाही, म्हणून तसं वाटतं. पण त्याला पेटायलाच पाण्याचा काही किमान दाब लागतो. वरच्या मजल्यावर, टाकीखालोखालच्या बाथरूममध्ये तो पेटतच नाही, किंवा पेटून विझतो. आणखी एक गंमत: पाणी फार गरम म्हणून तुम्ही गार नळ जास्त सोडता, गिझरमधली धार कमी होते आणि तो बंद पडतो. अंगावर एकदम गार! अशा वेळी गॅसची कळ कमी करायची आणि गरम नळ पूर्ण सोडायचा.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी. गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवायचा नाही. खिडकी आहे, पंखा आहे, ही कारणं सांगू नका. बंद जागेत ज्वाळेला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस चक्कर येऊन पडतो आणि आतून कडी असते. गिझर बाहेर मोकळ्या हवेत आणि पाईप आत, एवढंच चालतं. बाहेर जागा नसेल तर आम्ही विकत नाही. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, जाऊ दे.

सोलर आहे, पण गरम पाण्याला जोरच नाही. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

काचेच्या नळ्यांचा जो साधा सोलर आपल्याकडं घरोघरी दिसतो तो दाब न सोसणारा असतो. त्याच्या टाकीला हवेची नळी उघडी असते. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी, नाहीतर सोलर पूर्ण भरतच नाही. बऱ्याच घरी आधी टाकी बसते, चार वर्षांनी सोलर येतो आणि तो शेजारी त्याच उंचीवर टेकवला जातो. काही सिस्टिमला सोलरच्या डोक्यावर फ्लोटची छोटी टाकी असते. तिथं गरम पाण्याचा जोर त्या छोट्या टाकीच्या उंचीवर ठरतो, मोठ्या टाकीच्या नाही. गार जोरात आणि गरम हळू, याचं कारण तिथं सापडतं.

दुसरी चूक पाईपची. गच्चीवर गरम लाईन वर-खाली उंट केल्यासारखी गेली असेल तर उंचवट्यावर हवा अडकते आणि पाणी थांबत-थांबत, थुंकत येतं. लाईन उताराची करा, उंचवटा टळत नसेल तर तिथं हवेची नळी काढा.

तिसरी चूक म्हणजे गच्चीवरचा पंप. पंप फक्त गार लाईनवर बसवला की मिक्सरमध्ये गारचा जोर गरमला मागं ढकलतो. लोक म्हणतात, "पंप बसवल्यापासून गरम पाणीच बंद झालं." बंद नाही झालं, उलटं वर गेलं, गच्चीवर जाऊन बघा, हवेच्या नळीतून पाणी सांडत असेल. आणि पंप सोलरच्या आधी बसवून साध्या सोलरच्या टाकीत जोरानं पाणी घुसवलं तर टाकी फुगते, सांधे सुटतात. बरोबर जागा अशी: सोलरमधून बाहेर येणाऱ्या गरम लाईनवर गरम पाणी सोसणारा छोटा पंप, आणि गार लाईनवर त्याच ताकदीचा दुसरा. नवीन सोलर घेत असाल आणि पंप लावायचं ठरलेलं असेल, तर सरळ दाब सोसणारा, म्हणजे प्रेशराइज्ड प्रकार घ्या. महाग पडतो, पण मग एकच पंप दोन्ही लाईनींना पुरतो.

गरम लाईन जाड करताना मात्र जपून. आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या २० मीटर पाईपमध्ये साडेतीन लिटर पाणी असतं, २० मिलिमीटरच्या पाईपमध्ये सव्वासहा. सकाळी तेवढं गार पाणी आधी सोडून द्यावं लागतं. पाईपवर गरम-रोधक वेष्टण घाला आणि ते पहिलं पाणी बादलीत धरा.

आपल्याकडं जून ते सप्टेंबर सूर्य कुठं असतो ते कोल्हापूरकराला सांगायला नको. सोलरमध्ये विजेची कॉइल घेण्यापेक्षा बाथरूममध्ये सोलरच्या लाईनवर १५ लिटरचा गिझर जोडलेला मला जास्त पटतो: दोनशे लिटर तापवण्यापेक्षा हवं तेवढंच तापतं. फक्त सोलरचं तापलेलं पाणी आत येणार, तेव्हा तो गिझर तेवढं गरम पाणी आत घेण्याजोगा आहे का ते कंपनीच्या पुस्तिकेत बघा.

सोलर नाही, साधा गिझर आहे. पंप कुठं बसवू?

गच्चीच्या टाकीच्या तोंडाशी, गार-गरम फाटे फुटण्याआधी. म्हणजे दोन्हीला सारखा जोर मिळतो. नळ उघडला की सुरू, बंद केला की बंद, असा स्वयंचलित घ्या. पंपाखाली रबरी गादी आणि पाईपला लवचिक जोड द्या, नाहीतर पहाटे पाचला आंघोळ करणाऱ्या आजोबांमुळे सगळी बिल्डिंग उठते. गिझरचा 'बार'चा आकडा इथं मात्र बघायचा: पंपाचा जास्तीत जास्त दाब त्याच्या आतच हवा. गळके नळ आधी दुरुस्त करा, थेंब गळत राहिला की पंप रात्रभर चालू-बंद होतो.

नळाच्या लाईनला थेट मोटार लावली तर?

नियमात बसत नाही, आणि गल्लीतल्या पुढच्या घराचं पाणी तुटतं. यावर अजून काय लिहायचं?

बोअरच्या पाण्यानं काय फरक पडतो?

नदीचं आणि धरणाचं पाणी तसं हलकं. उपनगरांत जिथं बोअर आहे तिथं काळ्या खडकातलं जड पाणी कॉइलवर आणि शॉवरच्या भोकांवर पांढरा थर धरतं. शॉवरचं डोकं महिन्या-दोन महिन्यांनी लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवा. रबरी भोकांचं असेल तर नुसतं बोटानं चोळलं तरी साफ होतं. गिझरचं तापमान ५५ च्या आसपास ठेवा, जास्त तापवलं की थर लवकर बसतो. आतला मॅग्नेशियमचा दांडा दरवर्षी बघून घ्या, झिजला असेल तर बदला. तो टाकीऐवजी स्वतः झिजायलाच बसवलेला असतो.

पुराच्या पाण्यात गिझर बुडाला होता. पुसून चालू करू?

नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर असे गिझर दुकानात रांगेनं आले होते. थर्मोस्टॅट आणि वायरिंगमध्ये गाळ बसलेला असतो. इलेक्ट्रिशियनकडून कॉइल, अर्थिंग आणि बटण तपासून घ्या, आतल्या थर्माकोलसारख्या वेष्टणात पाणी मुरलं असेल तर नवाच घ्या. नवा बसवताना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं बटण, नक्की बसवा, पूर येवो न येवो.

भाड्याचं घर आहे, टाकी-पाईप मालकाचे. माझ्या हातात काय?

शॉवरचं डोकं. कमी दाबासाठी बनवलेलं, लहान तोंडाचं, बारीक भोकांचं घ्या. जुनं जपून ठेवा, जाताना परत बसवायला. जोडपाईप बदला आणि अँगल कॉक पूर्ण उघडा. गिझर स्वतःचा घेणार असाल तर १५ लिटरचा उभा घ्या, दोन बोल्टवर टांगलेला असतो, सोडताना काढून नेता येतो. आणि खोली बघायला जाल तेव्हा मालकासमोर शॉवर सोडून बघायला लाजू नका. शक्यतो सकाळी सात वाजता जा, बिल्डिंगमधले सगळे आंघोळ करत असताना.